दोघांपुरती गाडी

शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, जवळ आला की शर्यतीचा छकडा सुताराकडे जातो, आणि सुतार आधी काढायला लागतो, बसवायला नाही. बाजूच्या काठ्या जातात. बसायची फळी अरुंद होते. दांड्या रंध्याने तासून जितक्या बारीक करता येतील तितक्या करायच्या, पण बैलांनी उसळी घेतली तर मोडू नयेत एवढं लाकूड मात्र शिल्लक ठेवायचं. ही मर्यादा सुताराच्या तळहाताला कळते, मापपट्टीला नाही. लोहाराकडे धाव पुन्हा चढवली जाते. गोवऱ्यांच्या आहारात लोखंडी पट्टा लालभडक होतो, फुगतो, दोघं-तिघं सांडशीने धरून तो लाकडी चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, पट्टा आक्रसतो, आरे कुरकुरत तुंब्यात घट्ट बसतात. मग छकडा हाकणारा धुरकरी चाक उचलून नुसतं फिरवतो आणि आसाजवळ कान नेतो. चाक गप्प फिरलं तर वंगण ठीक.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथहून पैनगंगा ओलांडली की विदर्भ, आणि विदर्भ म्हटला की शंकरपट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. पुढे महाराष्ट्राने कायदा बदलला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो उचलून धरला. मधल्या वर्षांत कित्येक छकडे गोठ्याच्या आढ्याला टांगून होते. बैलांच्या वेदनांचा वाद खरा आहे आणि तो एका निकालाने संपणारा नाही, पण तो आजचा विषय नाही.

छकड्याचं एवढं पुराण लावलं, कारण मी ज्या गाडीबद्दल लिहितो आहे ती याच जातीची. चार चाकं, पेट्रोलचं इंजिन, पण दोघांनी बसायचं आणि तिसऱ्याला जागा नाही. कापसाचं गाठोडं त्यात मावत नाही. सासुरवाडीला जायचं तर मुलं कुठे ठेवायची हा प्रश्न. गाडीचं नाव सॅन स्टॉर्म.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रस्त्यावर मारुती ८०० चं राज्य होतं आणि दारापुढे कुठलीही नवी गाडी उभी राहिली की पेढे वाटले जात. त्या काळात सॅन मोटर्सने गोव्यात ही उघड्या छताची, दोन सीटांची गाडी बनवायला घेतली. हा समूह मूळचा बंगळूरचा, कारखान्यांना लागणारी रेल्वेची डिझेल इंजिनं बनवणारा. आगगाडीची इंजिनं घडवणाऱ्या घरात फुलपाखरू जन्माला यावं, तसं काहीसं. रेखाटन फ्रान्समध्ये झालेलं, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, अंग फायबरग्लासचं आणि जन्मगाव गोवा. गाडी समुद्रकिनाऱ्यावर उभी केली तर वाटायचं, ही इथलीच.

बॉनेट उघडून इंजिन बघू. ११४९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. रेनॉच्या कागदांवर याचं नाव डी७एफ. हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या छोट्या घरगुती गाड्यांत बसत होतं. सिलिंडरचा व्यास ६९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७६.८ मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासाहून लांब. अशी इंजिनं खालच्या फेऱ्यांत ओढ देतात आणि वरच्या फेऱ्यांत दमतात. बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या बाईला ते बरं, घाटात ॲक्सिलरेटर खिळवून ठेवणाऱ्याला तेवढं नाही. म्हणजे स्टॉर्मचं हृदय शर्यतीचं नव्हतंच. गाडी खेळकर होती ती ठेंगणी आणि हलकी होती म्हणून, आणि बसणाऱ्याचं बूड रस्त्याच्या जवळ होतं म्हणून. त्या काळची मारुती ८०० चाळीस अश्वशक्तीच्याही आत होती, तिच्याशेजारी साठ हा आकडा भारदस्त वाटायचा हे मात्र खरं.

गाडी फार चालली नाही. दोन सीटांच्या गाडीला दोन गाड्यांचे पैसे कोण मोजणार? आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना दरवाजाच्या फटी आणि आतलं प्लास्टिक डोळ्यांत खुपत होतं. हे दोष खरेच होते. पण माझ्या मते गाडीला मारलं ते यांनी नाही, सुट्या भागांनी.

विचार करा. गाडी भारतात, इंजिन रेनॉचं, आणि रेनॉचं दुकान तेव्हा देशात नाही. महिंद्राबरोबर रेनॉची लोगान आली ती २००७ साली, आणि तिच्या बॉनेटखालीही हे इंजिन नव्हतं. मग पाण्याचा पंप गळायला लागला, क्लच प्लेट झिजली किंवा एखादा सेन्सर गेला तर स्टॉर्मच्या मालकाने जायचं कुठे? परदेशात राहणाऱ्या भाच्याला फोन लावायचा, नाही तर गाडी ताडपत्रीखाली ठेवायची. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला.

म्हणून आपल्याकडे अशा गाडीला 'मॉडिफाय' करणं म्हणजे आधी तिला जिवंत ठेवणं. जपानी-अमेरिकी हौशी लोक टर्बो बसवायचा की सुपरचार्जर यावर भांडतात. आपला हौशी माणूस ऑइल सील कुठे मिळेल ते शोधत हिंडतो. यात कमीपणा नाही. उलट खरी कारागिरी इथेच दिसते.

बेअरिंगचंच घ्या. बेअरिंगची जात त्याच्या अंगावर कोरलेली असते. ६२०४ लिहिलेलं असेल तर आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. ते फ्रान्सच्या गाडीच्या अल्टरनेटरमधून निघो की आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीतून, आदिलाबादच्या दुकानदाराला काही फरक पडत नाही. तो नंबर वाचतो, खोकं काढतो, पैसे घेतो. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. चांगला मिस्त्री गाडीचं नाव विचारत नाही, जुना भाग पुसून व्हर्निअर लावतो. कंपनीच्या नावाचं खोकं मिळत नाही म्हणून अडून बसलेल्या अर्ध्या गाड्या या एका सवयीने चालू होतील, असं माझं ठाम मत आहे.

अंगाचंही तसंच. फायबरग्लासला गंज चढत नाही, ठोकून पोचा काढता येत नाही, आणि धक्का बसला की ते कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकतं. शहरातला पेंटर अशा तड्यात पुटी भरतो, वरून रंग मारतो, आणि पावसाळा संपेपर्यंत तडा पुन्हा डोकं वर काढतो. हे काम ज्यांना खरं येतं ते गॅरेजमध्ये नसतात, किनाऱ्यावर असतात. गोव्यात आणि कोकणात मासेमारीच्या होड्या आता फायबरच्याच. होडी दुरुस्त करणारा तडा दिसला की आधी तो मोठा करतो. ग्राइंडरने दोन्ही बाजू उतरत्या घासून खोल खाच पाडतो, आतून काचेच्या धाग्यांची मॅट लावतो, रेझिनमध्ये हार्डनर मोजून मिसळतो आणि ब्रशने ठोकून ठोकून हवेचे बुडबुडे बाहेर काढतो. हार्डनर जास्त झाला तर रेझिन डब्यातच तापून दगड होतं. कमी झाला तर ते आठवडाभर चिकट राहतं. एक थर, मग दुसरा, मग पॉलिश पेपर. भर समुद्रात लाटांचे दणके खाणारा जोड ज्याने केला, त्याला गाडीचा बंपर काय जड?

दोन सीटांची दुसरी देशी गाडी, अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची चिंकारा रोडस्टर, तर जन्मापासूनच जुगाड होती. हा शब्द मी आदराने वापरतो. कॉलिन चॅपमनने १९५७ साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन काढली. लांब नाक, उघडी पुढची चाकं, दोन सीटा आणि बाकी जवळजवळ काही नाही. १९७३ साली ती बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती गाडी तिथे आजही बनते. जगभर तिच्या नकला झाल्या. अलिबागची नक्कल निघाली ती ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखालून. हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा आणि ॲम्बॅसॅडरला बसवलेलं इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन त्यांनी उचललं आणि फायबरच्या हलक्या अंगात घातलं. तेच इंजिन पोलादी ॲम्बॅसॅडरमध्ये पाच माणसं आणि डिकीतल्या वळकट्या ओढायचं. इथे त्याला ओढायला दोन माणसं आणि वारा. आणि भाग बिघडला तर कोणत्याही टॅक्सी स्टँडवर मिस्त्री हजर. स्टॉर्मने जे केलं नाही ते चिंकाराने केलं: गल्लीत मिळतं ते इंजिन निवडलं. या एका निर्णयासाठी मी चिंकाराला स्टॉर्मच्या वर ठेवतो, दिसायला स्टॉर्म कितीही गोड असली तरी.

तिसरी गाडी म्हणजे पुण्या-मुंबईकडची, दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा दिसली. इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, दोन लिटरचं, टर्बोचं, तेही रेनॉचंच, अडीचशे अश्वशक्तीच्या घरातलं. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. या लेखाच्या मानाने मला ती छोटी वाटत नाही, म्हणून सोडून देतो.

आता समजा आपली ताडपत्रीखालची स्टॉर्म चालू झाली. गळती थांबली, तडे बुजले. मालकाचा हात शिवशिवतो. पहिला मोह आवाजाचा. मोठा सायलेन्सर, कापूस लावलेला एअर फिल्टर. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला या दोन्हींनी पाच टक्के मिळाले तरी ती झाली तीन अश्वशक्ती. बाकीची वाढ कानात होते.

आता छकड्याच्या सुताराकडून शिकू. गाडी आहे समजा साडेसातशे किलोची. प्रत्येक घोड्याच्या वाट्याला साडेबारा किलो. पन्नास किलो कमी केले तर वाट्याला येतात पावणेबारापेक्षाही कमी. हाच परिणाम इंजिन वाढवून हवा असेल तर साठाचे चौसष्ट घोडे करावे लागतील. जाड सीटा काढून हलक्या बसवल्या, स्टेपनी-जॅक घरी ठेवले, म्युझिक सिस्टिमचा खोका उतरवला की यातलं निम्मं आलं. आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे मित्राला फाट्यावर उतरवणे. साठ-सत्तर किलो एका झटक्यात गेले! पण मग दोन सीटांची गाडी घेतली कशाला, हा प्रश्न मित्रच विचारेल.

चाकांचं प्रकरण मी स्वतः भोगलं आहे. माझी गाडी दोन सीटांची नव्हती, साधी हॅचबॅक होती. एका दुकानदाराने मला एक इंच मोठी ॲलॉय व्हील विकली आणि टायर मात्र जुन्याच उंचीच्या भिंतीचे चढवले. दिसायला झकास. भोरज फाट्यावरून जैनथला वळेपर्यंत पुढची चाकं मडगार्डला घासायला लागली, आणि महिनाभरात एका खड्ड्याने रिम वाकवली. हिशेब त्याने करायला हवा होता, मीही करायला हवा होता. मूळ टायर १६५/७० आर १३ असेल तर बाजूची भिंत १६५ च्या सत्तर टक्के, म्हणजे एकशे साडेपंधरा मिलिमीटर. तेरा इंची रिम धरून पूर्ण चाकाचा व्यास साधारण ५६१. चौदा इंचावर जायचं तर भिंत बुटकी हवी: १८५/५५ आर १४ घेतला की व्यास ५५९ येतो. दोन मिलिमीटरचा फरक. चाक घासत नाही, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण भिंत बुटकी झाली म्हणजे खड्ड्याचा दणका रबराऐवजी रिम खाते. गुळगुळीत डांबरावर हा व्यवहार फायद्याचा. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते दर पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. इथे तेरा इंच आणि जाड भिंत हीच चैन आहे. तसंच गाडी ठेंगणी करायचं. स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली आणणाऱ्यांनी गावातल्या स्पीडब्रेकरवरून एकदा तरी जाऊन दाखवावं.

खरं पहिलं काम टायरचं रबर आणि ब्रेकचं. आणि ब्रेक म्हणजे मोठी लाल कॅलिपर नव्हे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच हद्द १५५ पर्यंत खाली येते. घाट उतरताना डिस्क तापते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय पार तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. ताडपत्रीखाली दहा वर्षं पडलेल्या गाडीत दहा वर्षांचा ओलावा आहे असं धरूनच चाला. काचेच्या बाटलीत जुनं तेल काढून बघा, चहासारखा रंग दिसेल. नवं तेल काही शे रुपयांचं काम. कुठलाही टर्बो याच्या पासंगाला पुरत नाही.

छत नसलेल्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. छत हे पेटीचं झाकण. बंद पेटी पिळली जात नाही, उघडी पेटी जाते. रेल्वे फाटक तिरकं ओलांडताना आरसा थरथरतो आणि दरवाजा आपल्या चौकटीत करकरतो, ते याच पिळामुळे. त्यावर उपाय म्हणून खालून आडव्या-तिरक्या पट्ट्या बोल्टने कसतात, इंजिनाच्या वर दोन्ही सस्पेन्शन जोडणारी दांडी टाकतात. वजन थोडं वाढतं, पण गाडी एकजीव होते. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ हीही अशीच उघड्या छताची, दोन सीटांची गाडी. तिच्यात गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब चौकट जोडलेली आहे, पण ती त्या दोघांना एकजीव ठेवायला, अंगाचा पीळ थांबवायला नाही. ती गाडी सुरुवातीला १.६ लिटरचीच होती, आकड्यांत काही फार मोठी नव्हती. २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही. जगात सर्वांत जास्त हात लागलेली छोटी गाडी हीच असावी, आणि त्याचं कारण सरळ आहे: तिचा प्रत्येक बोल्ट मिळतो.

राहिला कायदा. इंजिन बदलायचं म्हणणाऱ्यांना मी नेहमी आधी आरसी काढायला लावतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने जे मूळ तपशील ठरवले त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात जी भर पडली तिच्यात बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आमच्या जिल्ह्याची नंबर प्लेट आधी एपी-०१ होती, २०१४ नंतर टीएस-०१, २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी-०१. राज्य बदललं, प्लेट बदलली. गाडीचं इंजिन मात्र मनाला येईल तसं बदलता येत नाही. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं, आणि स्टॉर्मच्या मालकाची अडचण तिथेच आहे, कारण त्याच जातीचं मिळत नाही. जुन्या आणि दुर्मीळ गाड्यांना निराधार करणारी ही तरतूद बदलावी असं मला वाटतं. तोवर दुसरं इंजिन घालून खेळायचं असेल तर ते रस्त्यावर नाही, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या शर्यतीच्या मैदानावर, ट्रेलरवरून नेऊन.

गोव्यात, कोकणात, पुण्यात कुणाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी स्टॉर्म अजून उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन लावण्याआधी होड्या दुरुस्त करणाऱ्याला एकदा तिचं अंग दाखवा. ब्रेकचं तेल बदला, टायरच्या भिंतीला भेगा आहेत का बघा. आणि चावी फिरवायची घाई करू नका. त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबराचा आहे आणि तो गाडी न चालताही म्हातारा होतो. आधी तो बदलून घ्या.